सुम्मा वाचा

चामराजपेटेतल्या रघुजी टेलर्सचे रघुजी यांची कात्री आणि जीभ सारख्याच सफाईने चालते. फरक एवढाच, की कात्री चालवण्याआधी ते खडूने रेघ आखतात.

त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बेंगळुरात आले, असं घरात सांगतात. घोड्याचं पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. घोड्यावरून बोलायची सवय मात्र घराण्यात राहिली. रघुजींच्या बोलण्याने आजवर एक शेजारी, दोन मेहुणे आणि एक अख्खं भजनी मंडळ दुरावलं. त्याचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. पण गेल्या फेब्रुवारीत थोरली बहीण दुरावली, आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली.

झालं ते असं. ही बहीण जमनाबाई आणि त्यांचे यजमान गुंडो यांनी बेंगळुराबाहेर आनेकलला घर बांधलं. गुंडोभावोजींची सगळी नोकरी तिथल्या कारखान्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर घर उभं राहिलं. गृहप्रवेशाला साठ-सत्तर माणसं. जमनाक्का प्रत्येकाला हाताला धरून स्वयंपाकघर दाखवत होत्या. रघुजी बाहेरून ओरडले, "भावोजी, दार मोठं करायला हवं होतं. अक्का आत गेली आहे, आता पुढच्या संक्रांतीला निघेल!"

लोक हसले. जमनाक्काही हसल्या. इथे थांबता आलं असतं. पण हसणाऱ्या माणसांसमोर रघुजींना थांबता येत नाही. ते म्हणाले, "मी उगाच नाही बोलत. चाळीस वर्षं हिचे ब्लाउज शिवतोय. माझ्या वहीत माप आहे!" आणि त्यांनी माप सांगितलं. इंचात. मोठ्याने. आकडा इथे देत नाही; एकदा दिला तेवढा पुरे झाला.

त्या दिवसापासून जमनाक्कांनी रघुजींचा फोन उचलला नाही. मथुराबाईंचा, म्हणजे रघुजींच्या बायकोचा, उचलायच्या. गप्पा मारायच्या. रघुजींनी मागून "मला दे, मला दे" केलं की पलीकडून आवाज यायचा, "कुकरची शिट्टी झाली हं मथुरा, ठेवते." तीन महिने तो कुकर शिट्ट्या देत होता.

"जाऊन माफी मागा," मथुराबाई म्हणाल्या.

"गेलो असतो. पण तिथे जाऊन तोंड उघडलं आणि आणखी काही निघालं तर?"

ही भीती खरी होती. चौतीस वर्षांच्या संसारात मथुराबाईंना नवऱ्याचं पटलेलं हे पहिलंच वाक्य.

अशात एके दिवशी दुकानात सुचेता आली. मूळची नागपूरची, कुठल्याशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मराठी बोलणारा टेलर म्हणून कोणीतरी तिला रघुजींचा पत्ता दिला होता. तिने पिशवीतून पांढरी शुभ्र साडी आणि ब्लाउजचं कापड काढलं.

रघुजींनी साडीकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि आवाजात होती नव्हती तेवढी हळहळ आणून विचारलं, "अय्यो. कोण वारलं?"

आतल्या खोलीत मथुराबाईंनी कपाळावर हात मारला, तो बाहेर ऐकू आला.

सुचेता मात्र खळखळून हसली. "कोणी नाही वारलं, काका! बुद्धपौर्णिमा आहे न. आमच्याकडे त्या दिवशी सगळे पांढरं घालतात. आईनं साडी पाठवली नागपूरहून."

"मग तसं सांगायचं नाही का आधी?"

"तुम्ही बोलायच्या आधी सांगायला पाहिजे होतं, हे आता समजलं मला," ती म्हणाली. "काका, मल्लेश्वरमला आमचं अभ्यासमंडळ असतं दर रविवारी. बुद्धाचा विचार, रोजच्या जगण्यात कामी येईल असा. त्यात बोलण्यावर आख्खा एक भाग आहे. या न तुम्ही. तुम्हाला..."

"किती वाजता? कुठे?" हा प्रश्न आतल्या खोलीतून आला, आणि पाठोपाठ मथुराबाई स्वतः, हातात पेन घेऊन.

रविवारी रघुजी मल्लेश्वरमला पोचले, पण वीस मिनिटं उशिरा. रस्ता कुठून जवळचा पडतो यावर ऑटोवाल्याशी त्यांचा मतभेद झाला आणि दोघेही आपापल्या मतावर इतके ठाम राहिले की ऑटो एकाच सर्कलला तीन वेळा फिरला. या वीस मिनिटांत वर हॉलमध्ये सुचेताने 'सम्मा' या पाली शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. सम्मा म्हणजे सम्यक, म्हणजे योग्य, नीट, बरोबर. रघुजी येऊन मागच्या सतरंजीवर, खडखडणाऱ्या पंख्याखाली बसले तेव्हा ती नुसती नावं घेत होती: सम्मा दिट्ठि, सम्मा संकप्प, सम्मा वाचा...

रघुजींना ऐकू आलं, सुम्मा.

आता, हा शब्द पुण्या-मुंबईच्या वाचकाला ठाऊक असायचं कारण नाही, आणि बेंगळुरात तो ठाऊक नसलेला माणूस सापडायचा नाही. तमिळ लोक सुम्मा म्हणतात, कन्नड लोक सुम्ने म्हणतात, चामराजपेटेतले मराठे दोन्ही म्हणतात. सुम्मा म्हणजे उगाच, सहज, काही कारण नसताना. का आलास? सुम्मा आलो. आणि सुम्मा बस म्हणजे गप्प बस.

रघुजी चकित झाले. इतका जुना धर्म आणि इतका बेंगळुरी! सुम्मा दिट्ठि, म्हणजे सुम्मा बघत राहायचं. हे तर ते दुकानाच्या पायरीवर रोज करत होते. सुम्मा कम्मंत, सुम्मा काम. गावातल्या अनेक कचेऱ्यांत याची साधना चालू असलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. सुम्मा वायाम म्हणजे सुम्मा व्यायाम असणार. त्यांचे डॉक्टर उगाच चालायला सांगत होते.

"पुढच्या रविवारी एकेक नीट बघू," सुचेता म्हणाली. "तोवर प्रत्येकानं एक निवडा आणि आठवडाभर करून पाहा. जसं जमेल तसं."

शेजारी श्रीरंग नावाचा पुण्याचा मुलगा होता, तोही सॉफ्टवेअरमधलाच. तो म्हणाला, "काका, तुमचं कोणतं? मी आधीपासूनच सति घेतलंय, म्हणजे माइंडफुलनेस. ॲक्चुअली मी ट्रॅकर पण बनवलाय. लास्ट वीकपेक्षा माझा राग तेवीस टक्के डाऊन आहे."

"कोणावरचा?"

"मॅनेजरवरचा."

"तो रजेवर होता काय?"

श्रीरंगने ट्रॅकर उघडून पाहिला आणि मिटला. मग काही वेळ त्याचा राग वर गेलेला दिसला.

"मी वाचा घेतो," रघुजी सुचेताला म्हणाले. "तेच मला लागू आहे."

"एकदम बरोबर निवडलं, काका," सुचेता म्हणाली. इथे शिक्का बसला.

सोमवारी सकाळी रघुजींनी तोंड बंद केलं. मथुराबाईंना एका चिठ्ठीवर लिहून दिलं, 'आठवडाभर सुम्मा वाचा. सुचेताबाईंनी सांगितलंय.' मथुराबाईंनी चिठ्ठी देवाजवळ ठेवली.

सोमवार फार छान गेला. मंगळवारीही घर शांत होतं. बुधवारी मथुराबाईंना पोळी जाड झाल्याचं कोणी सांगेना, तेव्हा त्यांनी ती स्वतःच चार वेळा उलटून पाहिली. दुकानात वेगळाच प्रकार. एक बाई मोबाईलवर ब्लाउजचा फोटो घेऊन आली. त्या ब्लाउजला पाठ नव्हती. एरवी रघुजी म्हणाले असते, "उरलेल्या कापडाचं काय करू, दादल्याला रुमाल?" या वेळी ते मंद हसले आणि टेप गळ्यात अडकवली. त्या हसण्यात बाईंना इतका विश्वास दिसला की त्यांनी तसलेच तीन सांगितले. गिऱ्हाईकं आपसांत म्हणू लागली, अण्णा किती बदलले, चेहऱ्यावर तेज आलंय. तेज नव्हतं ते. न बोललेली वाक्यं आतून ढकलत होती.

शुक्रवारी मथुराबाई म्हणाल्या, "चला, आनेकलला. याचा असर उतरायच्या आत जाऊन येऊ."

मार्केटहून बस पकडली. बसमध्ये रघुजींच्या पुढच्या सीटवरच्या माणसाने शर्ट उलटा घातला होता. आनेकल येईपर्यंत रघुजींनी खिडकीची दांडी धरून ठेवली.

दार जमनाक्कांनीच उघडलं. भावाला पाहून त्या बाजूला झाल्या. मथुराबाईंना म्हणाल्या, "ये ग. ऊन फार आहे नाही आज?" ऊन एकट्या मथुराबाईंनाच लागलं असावं, कारण पाणीही एकच भांडं आलं.

रघुजी खुर्चीवर बसले आणि त्यांचं लक्ष बहिणीच्या ब्लाउजकडे गेलं.

तो त्यांचा नव्हता. आनेकलच्याच कुठल्या टेलरने शिवलेला. खांदा उतरलेला. मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते तो घेर, इतका घट्ट की हात वर करताना जमनाक्का कोपरातून वळत होत्या. पाठीवर दोन चुण्या. एक हूक तर सरळ वैर असल्यासारखा शेजारच्या काजाकडे पाठ करून बसलेला. कोणी एखाद्या गवयाला त्याच्याच बहिणीच्या लग्नात बेसूर सनई ऐकवत बसवावं, तशी रघुजींची अवस्था झाली. त्यांनी ओठ दाबून धरले आणि डोळे मिटले. मग आठवलं की मल्लेश्वरमच्या हॉलमधल्या तसबिरीत बुद्धाच्या चेहऱ्यावर हलकं हसू होतं. तेही त्यांनी आणलं.

"हसतोय कशाला?" जमनाक्का तीन महिन्यांत पहिल्यांदा भावाशी बोलल्या. "बोलून समाधान नाही झालं, आता नुसता बघून हसतोस होय रे?"

रघुजींनी मान हलवली.

"मान काय हलवतोस! बैल आहेस? सत्तर माणसांत सांगितलंस ना, आता ही मथुरा एकटी आहे, सांग की! नवीन माप घेऊन जा, वहीत लिही, पेपरात दे!"

रघुजींच्या घशातून थोडा आवाज आला. चेहरा लाल झाला, हसू एका बाजूला सरकलं.

जमनाक्का थबकल्या. सहासष्ट वर्षं त्या या माणसाला ओळखत होत्या. पाळण्यात असतानासुद्धा त्याने एवढं ऐकून घेतलं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "अहो... इकडे या जरा. रघ्या बोलत नाही."

गुंडोभावोजी आतून पेपर घेऊनच आले. कुठल्याशा ग्रुपवर आलेला अर्धांगवायू ओळखण्याचा व्हिडिओ त्यांनी दोनदा पाहिला होता आणि कधी उपयोगाला येतो याची वाट पाहत होते.

"घाबरू नका. तीन गोष्टी करायच्या," ते म्हणाले. "रघुजी, हसा."

रघुजी हसलेलेच होते.

"वाकडं आहे," भावोजी म्हणाले. "हात वर करा. दोन्ही. सरी, ठीक. आता एक वाक्य बोला. कोणतंही."

रघुजींनी हात वर ठेवून मथुराबाईंकडे पाहिलं.

"तिसरं येत नाही!" भावोजी ओरडले आणि फोनवर ऑटोवाल्याला हाक मारत अंगणात धावले. "बेग बा, लवकर ये, पेशंट आहे, पेशंट!"

"भावोजी, तसं काही नाही हो," मथुराबाई म्हणत होत्या, "ह्यांचं ते सुम्मा चाललंय..." पण ऐकायला कोणी नव्हतं. जमनाक्का खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या होत्या आणि भावाचा हात खाली ओढत म्हणत होत्या, "बोल रे रघ्या. काहीही बोल. मला बोल. जाडी म्हण, भोपळा म्हण, तुला काय म्हणायचं ते म्हण, पण बोल!"

रघुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडा पुरा व्हायला दोन दिवस होते. त्यांनी मथुराबाईंना खुणेने सांगितलं, बाईंना फोन लाव, परवानगी विचार.

मथुराबाईंनी फोन लावून स्पीकरवर टाकला. "सुचेता, अग यांना दोन शब्द बोलू दे. सोमवारपासून गप्प आहेत. इथे सगळे घाबरलेत."

"गप्प? काहून गप्प?"

"तूच सांगितलंस ना. सुम्मा वाचा."

पलीकडून सुचेताचा आवाज आला, हसू आवरून धरलेला. "काकू, सुम्मा नाही हो! सम्मा! सम्मा म्हणजे बरोबर. बरोबर बोलायचं. गप्प बसा म्हणून कोणी म्हटलं?"

जमनाक्कांनी भावाचा हात सोडला.

"म्हणजे तुला काही झालेलं नाही?"

रघुजींनी मान हलवली, मग आठवून म्हणाले, "नाही."

"अर्धा तास मी इथे जीव टाकतेय, आणि तू ढोंग करत होतास?"

"काका, फोन कट करू नका, ऐका," फोनमधून सुचेता घाईने म्हणाली. "बोलायच्या आधी पाच गोष्टी बघायच्या. खरं आहे का. वेळ बरोबर आहे का. मऊ आहे का. ऐकणाऱ्याच्या कामाचं आहे का. आणि मनात माया आहे का. पाची असतील तर बोला. माझी मीटिंग आहे, ठेवू?" आणि तिने ठेवला.

जमनाक्का उठून उभ्या राहिल्या. "चल, बोल. आता मला ऐकायचंच आहे. पाच दिवसांचं साठलंय ना?"

रघुजींनी तोंड उघडलं. सगळ्यात पुढे ब्लाउज उभा होता. खरं होतं, कामाचंही होतं; मऊ नव्हतं. तोंड मिटलं. मग सुचलं, अक्का, एवढं काय मनावर घ्यायचं, गंमत होती ती. हे मऊ होतं, खरं नव्हतं. मग, तुझा चेहरा उतरलाय. खरं, पण या वेळी हे बोलणाऱ्याला घराबाहेर काढतील. सोमवारपासून गप्प बसायला जेवढं जड गेलं नव्हतं तेवढं हे जड जात होतं. घोडा असता तर ते निघून गेले असते.

शेवटी ते जमिनीकडे बघत म्हणाले, "दाराचं बोललो ती चेष्टा होती, अक्का. माप चेष्टा नव्हती. माप तू टेलरला दिलं होतंस. मी ते भाऊ म्हणून वाटून टाकलं." अजून एक होतं, ते बाहेर यायला तयार नव्हतं. "पहिल्यावर तू हसलीस, पण पदर ओढून घेतलास. मी पाहिलं. पाहूनही दुसरं बोललो. लोक आणखी हसतील म्हणून."

जमनाक्कांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुला दिसलंच नाही. दिसलं नसेल असं धरून मी निम्मं माफ केलं होतं."

"दिसलं होतं."

"मग ते निम्मं परत घेते."

"घे."

मथुराबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होत्या, सुम्मा होतं तेच बरं होतं.

जमनाक्का खुर्चीवर बसल्या. बसताना खांद्याशी कापड ताणलं गेलं आणि त्यांनी बोट घालून ते सैल केलं. "आणि या ब्लाउजकडे बघून तुझ्या पोटात काय होतंय ते दिसतंय मला. त्या टेलरला माप घेऊच दिलं नाही मी. कोणालाच घेऊ द्यायचं नाही, ठरवलं होतं. जुना दिला नमुन्याला. तोही तू सहा वर्षांपूर्वी शिवलेला."

रघुजींनी वर पाहिलं. आता त्यांचा चेहरा खरोखरच वाकडा झाला होता. "अक्का, मी..."

"रडू नकोस. भावोजी बाहेर आहेत, पुन्हा हात वर करायला लावतील."

तेवढ्यात दाराशी ऑटो येऊन थांबला. ड्रायव्हर आत डोकावला, मागे धापा टाकत गुंडोभावोजी. ड्रायव्हरने आतल्या तिघांकडे पाहून कन्नडमध्ये विचारलं, "यारु पेशंट?"

पेशंट कोण, हा प्रश्न वाजवी होता. गुंडोभावोजी मेहुण्याकडे बोट दाखवणार, तेवढ्यात जमनाक्का उठल्या आणि दारात जाऊन म्हणाल्या, "पेशंट इल्ले ऊट माडतारे. इथेच जेवणार आहेत. तुम्ही जा."

"म्हणजे बोलले?" भावोजींनी विचारलं.

"बोलले. हात धुवा तुम्ही, पानं घेते."

भावोजी जरा खट्टू झाले. व्हिडिओत पुढे हॉस्पिटलला पोचेपर्यंत काय करायचं तेही होतं.

चौघं जेवायला बसली. जमनाक्कांनी आधी भावाच्या ताटात वाढलं, आणि कोणाकडे न बघता त्याच्यासमोर पाण्याचं भांडंही ठेवलं. रघुजींनी सांबारभाताचा पहिला घास घेतला. मग दुसरा. मग ते घास तोंडात ठेवून छताकडे बघू लागले आणि डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटू लागले. दुसऱ्या बोटाशी ते अडले.

जमनाक्कांनी स्वतःचा घास घेतला आणि ताट सरकवलं. "अग बाई, मीठच नाही! रघ्या, गिळतोयस काय मुकाट्याने? सांगायचं नाही का?"

"सांगणारच होतो," रघुजी म्हणाले. "वेळ बघत होतो."

"तुझी वेळ येईपर्यंत पातेलं रिकामं होईल," जमनाक्का म्हणाल्या, आणि मिठाची बरणी आणायला त्या स्वयंपाकघरात गेल्या.